सगळ्यांचे हात बाहेर?

काकूंचा कॉम्प्युटर संध्याकाळी कधी रुसला नाही. दुपारीही नाही. रुसायचा तो सकाळीच, आणि तेही काकू सगळं आवरून, केस बांधून, खुर्ची पुढे ओढून त्याच्यासमोर बसल्या की. बटण दाबलं की आतला पंखा जागच्या जागी थोडा हलायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग अर्ध्या-पाऊण तासाने, काकूंनी नाद सोडून भाजी निवडायला घेतली आणि येता-जाता सहज एक बोट टेकवलं, की स्वारी झोकात सुरू. जणू विचारतेय, एवढा वेळ होतात कुठे?

माणसाने असा दावा साधला तर त्याला काही कारण तरी असतं. या पत्र्याच्या डब्याचं आपण काय घोडं मारलंय, हे काकूंना कळेना.

कॉम्प्युटरवर त्यांचा फार जीव होता अशातला भाग नाही. त्यांना त्याचं एकच काम पडायचं, रोज, सकाळी आठच्या आत. आठनंतर ते करून उपयोग नव्हता. का नव्हता, ते कळायला आधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका वायरमन होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या भिंतींतून तारा ओढल्या, पंखे टांगले, जळलेली बटणं बदलली. कुणाच्याही घरी गेले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असे, "मेनस्विच कुठंय?" कुणी पाणी पुढे केलं तरी उत्तर तेच, आधी मेनस्विच. त्यावरून सगळ्या भागात त्यांचं नावच मेनस्विच पडलं आणि खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक राहिलं. काकूंच्या माहेरी ते पहिल्यांदा आले ते पंखा बसवायला. काकूंशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्यही तेच. काकूंनी बोट करून जागा दाखवली. एवढ्याशा भांडवलावर संसार उभा राहिला आणि नेटाने चालला, हे आजकालच्या मुलांना सांगितलं तर थट्टा वाटते.

काकांचा एक नियम होता. काम सुरू करण्याआधी ते मेनस्विच बंद करत, त्याखालचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून काढत आणि शर्टाच्या खिशात टाकत. काम संपेपर्यंत फ्यूज खिशातच. उमेदीच्या वर्षांत त्यांच्या एका सोबत्याचे हात तारांमध्ये असताना कुणीतरी न विचारता वीज सुरू केली होती. जिवावरचं शेपटावर निभावतं म्हणतात, त्या बिचाऱ्याचं दोन बोटांवर निभावलं. तेव्हापासून वीज देण्याआधीचा काकांचा प्रश्नही ठरून गेला. फ्यूज हातात धरून ते मोठ्याने विचारत, "सगळ्यांचे हात बाहेर?" आणि घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी "बाहेर" म्हणायचं, अगदी आजारी माणसाने अंथरुणातूनसुद्धा. एक आवाज कमी पडला तरी वीज नाही. इमारतीत बाकी सगळ्यांकडे नव्या तऱ्हेचे खटके आले, पण काकांनी आपल्या घरचा फ्यूज बदलू दिला नाही. खटका खिशात घालता येत नाही, हे त्यांचं कारण.

एकुलती एक लेक लहान असताना त्यांच्याबरोबर कामांवर जायची. माळ्यावरच्या अंधारात बाप तारा जोडायचा आणि ही खालून उजेड धरायची. म्हणून तिचं नाव बॅटरी. तिचं "बाहेर!" सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्याने यायचं, आणि काका खरं तर तेवढंच ऐकायला थांबलेले असायचे. पुढे बॅटरी शिकली, दातांची डॉक्टर झाली आणि दूरच्या शहरात दवाखाना थाटून राहिली. "लोकांच्या तोंडात उजेड पाडते," असं काका ज्याला त्याला सांगायचे.

आता सांगत नाहीत. गेल्या काही वर्षांत काकांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी चष्मा विसरला, मग आपण जेवलो की नाही ते, मग शेजारी, आणि अलीकडे अधूनमधून काकूसुद्धा. दिवस कलला की ते काकूंना "बाई" म्हणायचे. "बाई, तुम्ही घरी कधी जाणार? अंधार पडेल." काकू म्हणायच्या, "जाते हो. एवढी भाजी टाकते आणि जाते." पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्या न्हाणीघरात नळ सोडून रडल्या होत्या. आता रडत नव्हत्या, पण भाजीत मीठ दोनदा पडायचं.

सकाळचं मात्र वेगळं होतं. उठल्यावर, चहा घेतल्यावर, थोडा वेळ काका पूर्वीसारखे असायचे. काकूंना "अगं" म्हणायचे, पेपरवाल्याला नावं ठेवायचे. आठ वाजून गेले की हळूहळू गढूळ होत जायचे. लेक दवाखान्यात जायच्या आधी, नेमक्या त्या वेळात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायची. तिचा चेहरा एवढा मोठा दिसला की काका खुर्चीत ताठ व्हायचे आणि म्हणायचे, "बॅटरी! जेवलीस का?"

"बाबा, सकाळचे पावणेआठ झालेत."

"मग जेवायला काय हरकत आहे?"

मोबाइल होता की. पण मोबाइल हातात दिला की काका तो कानाला लावायचे, जन्माची सवय. मग लेकीला दिसायचा बापाचा कान आणि काकांना काहीच नाही. नुसता आवाज ऐकून ते "बरं, बरं" म्हणायचे, चुकून लागलेल्या फोनवर सभ्य माणूस म्हणतो तसं. त्यांना चेहरा लागायचा, मोठा आणि सकाळचा. आणि कॉम्प्युटर तर सकाळीच मरगळायचा. तो सुरू होईपर्यंत लेक दवाखान्यात गेलेली असायची आणि काका आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसलेले असायचे.

काकूंना भीती होती ती एवढीच, की एक दिवस कॉम्प्युटर वेळेवर सुरू होईल, लेक समोर येईल आणि काकांच्या तोंडून "बॅटरी" निघणार नाही. तो दिवस येणार हे त्यांना कळत होतं. म्हणूनच हातातली एकही सकाळ वाया गेली की त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा.

काकूंनी आधी स्वतःच निदान केलं. थंडीने आखडतो, दुसरं काय. त्यांचे गुडघेही सकाळी तसंच करायचे. म्हणून त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर काकांचा जुना स्वेटर पांघरू लागल्या, आणि त्यानेही भागेना तेव्हा पहाटे त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू लागल्या. गंमत म्हणजे पिशवीने जरा लवकर सुरू व्हायचा. त्यामुळे काकूंचा आपल्या वैद्यकीवरचा विश्वास फार वाढला.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा ती पिशवी डब्यावरच होती. बाई चाळिशीच्या, कपाळाला छोटा दिवा बांधून काम करणाऱ्या, माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काकू, पाणी आणि वीज!"

"बूच घट्ट आहे तिचं," काकू म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्या बाईंनी डबा उघडला. आतली धूळ फुंकून काढली, मेमरीच्या पट्ट्या उपसून खोडरबराने घासल्या, एक तार बदलली. "चल गं बाई, उठ," म्हणून बटण दाबलं. लगेच सुरू. संध्याकाळच होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग बाई डबा दुकानात घेऊन गेल्या आणि काही दिवस तिथे ठेवून रोज सकाळी आल्या आल्या सुरू करून पाहिला. एकदाही तक्रार नाही. परत आणून दिला, की दुसऱ्या सकाळी घरी तोच तमाशा. काकूंनी फोन करून बाईंना तसं सांगितलं.

"काकू, माझ्याकडे तर अगदी शहाण्यासारखा वागतो हो."

"माहेरी कोण शहाणं नसतं?" काकू म्हणाल्या. "सासरी येऊन बघा त्याचे रंग."

हे बाईंना लागलं. आपल्या हाताखालून गेलेलं यंत्र आपल्याला खोटं पाडतं म्हणजे काय! त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी मी येते. मी आल्याशिवाय कशालाही हात लावू नका. रोज जे करता ते माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी बाई साडेसातलाच हजर झाल्या. काका चहा पीत होते. त्यांनी बाईंच्या कपाळावरचा दिवा पाहिला आणि मान डोलावली, धंद्यातलं माणूस ओळखल्यासारखी. काकू खुर्ची ओढून बसल्या. बसण्याआधी वाकल्या, टेबलामागे लोंबणारा प्लग उचलला, भिंतीत बसवला, भिंतीवरचं बटण खाली केलं, मग सरळ होऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा हलला, दिवा लुकलुकला, गप्प.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "हा प्लग कुणी काढून ठेवला होता?"

"कुणी म्हणजे? हे काढतात ना रोज."

"रोज? आणि हे तुम्ही मला आजवर सांगितलं नाही?"

"आता त्यात सांगायचं काय?" काकू खरोखरच बुचकळ्यात पडल्या. "तुम्ही झोपताना दाराला कडी लावता, ते सांगत सुटता का कुणाला?"

गोष्ट अशी होती, की लग्न झाल्यापासून रोज जेवणं आटोपली की काका घरभर फेरी मारत. आधी स्वयंपाकघर, मग बोळ, न्हाणीघर, बाहेरचा दिवा, शेवटी बैठकीची खोली. प्रत्येक बटण बंद करायचं, प्रत्येक प्लग उपसायचा. पूर्वी एकदा फ्रिजवरून मोठं भांडण झालं होतं, कारण रोज सकाळी दूध नासलेलं निघायचं. तेव्हापासून फ्रिजच्या बटणाला ते नुसतं बोट लावायचे, "राहू दे" म्हणायचे आणि पुढे जायचे. बाकी कशाला माफी नव्हती. जेवलो का हे काकांना आठवायचं नाही, पण फेरी चुकायची नाही. कुणी आठवण न करता, कुणी हात न धरता काका पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करू शकतील असं आता तेवढं एकच काम उरलं होतं. आणि काकूंना इतक्या वर्षांत त्या टकटकीची एवढी सवय झाली होती, की ती ऐकली नाही तर झोप लागायची नाही. अशी गोष्ट कुणी बिघाड म्हणून सांगेल कशी?

बाईंनी जमिनीवर बसून सगळं समजावलं. डब्याच्या आत आणखी एक छोटा डबा असतो, तो भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देतो. हा डबा म्हातारा झालाय. रात्रभर वीज मिळत राहिली तर ठीक असतो. पूर्ण तोडली की गार पडतो आणि मग त्याला पुन्हा अंगात दम धरायला अर्धा तास लागतो. दुकानात प्लग कधी काढलाच नव्हता, म्हणून तिथे सोंग कळलं नाही.

"म्हणजे गार पडतो हे माझं बरोबर होतं," काकू म्हणाल्या.

"होतं," बाईंनी कबूल केलं. "पिशवी मात्र नको."

असा छोटा डबा बदलून मिळाला असता. पण कॉम्प्युटर जुना, डब्याचं माप आखूड, तसा आता बाजारात येत नव्हता. सगळा कॉम्प्युटरच नवा घ्यावा, तर काकूंनी कानाला हात लावले. मागे त्यांनी नवी इस्त्री आणली होती. काकांनी ती ओळखली नाही, आणि बिचारा कुणीतरी विसरून गेला असेल म्हणून शेजारी नेऊन दिली. तीन वेळा. शेवटी इस्त्री शेजाऱ्यांचीच झाली.

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "हा प्लग तेवढा रात्री काढू द्यायचा नाही. चिकटपट्टी लावून टाकू."

काकूंना पटलं. फ्रिजसाठी ऐकलं होतं, याच्यासाठीही ऐकतील. पण फ्रिजचं ऐकलं ते काका वेगळे होते, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी प्लग आणि बटण दोन्हींवर मिळून रुंद काळी पट्टी ताणून लावली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर काका फेरीला निघाले. स्वयंपाकघर झालं. फ्रिजला बोट लावून "राहू दे" झालं. बोळ, न्हाणीघर, बाहेरचा दिवा. बैठकीच्या खोलीत आले, टेबलामागे हात घातला आणि थांबले. पट्टीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग वळून काकूंना म्हणाले, "बाई, हे घर कुणाचं आहे?"

"आपलंच आहे. असू द्या तेवढं."

काका पुन्हा स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्या बटणापासून सुरुवात केली. कुठेतरी चुकलं असेल, नीट पहिल्यापासून करू, असं त्यांना वाटलं असावं. सगळं करून पुन्हा पट्टीपाशी आले. पुन्हा मागे फिरले. बंद केलेली बटणं चालू करून परत बंद करू लागले. काकूंनी हात धरला तर तो सोडवून घेत आणि पुन्हा बटणाकडे वळत. "माझं काम अपुरं राहिलंय," एवढंच ते म्हणत होते. झोपले तेही बसल्या बसल्या.

सकाळी कॉम्प्युटर पहिल्या बोटाला सुरू झाला. लखलखीत. लेक पडद्यावर आली, ओले केस, अंगात दवाखान्याचा झगा. "बाबा!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. त्यांनी अदबीने मान लववली आणि म्हणाले, "नमस्कार. कुणाकडे आलात?"

लेक हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "बाबा, मी आहे," ती म्हणाली. काका "बरं, बरं" म्हणाले.

पडदा बंद झाल्यावर काकू उठल्या, टेबलामागे वाकल्या आणि नखांनी ती पट्टी खरवडून काढली. भिंतीचा थोडा रंगही निघून आला. मग त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला.

"कॉम्प्युटर चालू झाला," काकू म्हणाल्या. "आणि हे बंद पडले."

काकूंनी नखात अडकलेला भिंतीचा रंग पदराला पुसला.

"ते काढणार प्लग. रोज काढणार. मी त्यांना अडवणार नाही आता. तुमच्या त्या डब्याला म्हणावं, तूच सवय करून घे. करून देता का तेवढं?"

बाईंनी पुढचे काही दिवस आपल्या दुकानातलं आणि दुसऱ्यांच्याही दुकानांतलं भंगार उपसलं. ओळखीच्या सगळ्यांना कामाला लावलं. अखेर एका बंद पडलेल्या कचेरीच्या अडगळीत त्याच मापाचा डबा मिळाला, फारसा न वापरलेला. तो फडक्यात गुंडाळून त्या भर दुपारी काकूंच्या घरी आल्या. दुपार म्हणजे काकांची वाईट वेळ. ते खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. टेबलावर कॉम्प्युटरचं पोट उघडलेलं त्यांनी पाहिलं, बाईंच्या हातात पेचकस पाहिला आणि ताडकन उठले.

"आधी मेनस्विच!"

"काका, मी प्लग काढलाय," बाई म्हणाल्या. "काही भीती नाही."

"आधी मेनस्विच," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकी जुनी जरब होती की बाईंनी पेचकस खाली ठेवला. काका दारामागच्या विजेच्या पाटीपाशी गेले, मेनस्विच बंद केला, पांढरा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. पंखे थांबले. फ्रिजची घरघर थांबली. मग काका बाईंच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांच्या हातांवर नजर ठेवून राहिले, बाईंचा शेवटचा स्क्रू आवळून होईपर्यंत. काकू दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या. किती दिवसांनी हा माणूस असा उभा राहिला होता!

"झालं," बाई म्हणाल्या. "काका, द्या वीज."

काका पाटीपाशी गेले. खिशातून फ्यूज काढून हातात धरला. "सगळ्यांचे हात बाहेर?"

"बाहेर," काकू म्हणाल्या.

बाईंनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी खूण केली. "बाहेर," बाई म्हणाल्या.

काका थांबले. कान देऊन थांबले.

"बॅटरी कुठंय?"

 दुपारच्या वेळी हे नाव या घरात वर्षभरात निघालं नव्हतं. "अहो, ती तिच्या गावी आहे. इथे नाही."

"तिचा आवाज नाही आला." काकांनी फ्यूज परत खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवला. "तिचा हात आत असेल तर?"

समजावून झालं. ती मोठी झाली, डॉक्टर आहे, सगळं सांगून झालं. काका ऐकत होते, मान हलवत होते आणि खिशावरचा हात काढत नव्हते. घर गरम व्हायला लागलं. फ्रिजखालून पाण्याचा ओघळ यायला लागला. बाई हळूच म्हणाल्या, "काकू, बोलता बोलता खिशातून काढून घेऊ का मी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या खिशातला फ्यूज काढायचा नसतो. इतक्या वर्षांत मी धुवायच्या शर्टातूनही विचारल्याशिवाय काढला नाही."

त्यांनी मोबाइल उचलला. दवाखान्यात लेकीच्या हाताखालच्या बाईंनी फोन घेतला. "डॉक्टर पेशंट तपासतायत." काकू म्हणाल्या, "तपासू द्या, पण आत्ताच्या आत्ता बोलवा." थोड्या वेळाने लेकीचा धास्तावलेला आवाज आला, "आई, काय झालं बाबांना?"

"काही नाही झालं. ते फ्यूज घेऊन उभे आहेत. तुझा आवाज आल्याशिवाय लावायला तयार नाहीत."

 मग लेक म्हणाली, "दे त्यांना."

काकूंनी मोबाइल दिला. काकांनी तो अर्थातच कानाला लावला. आणि लेकीला कान दिसो न दिसो, या वेळी तो कानच हवा होता.

"सगळ्यांचे हात बाहेर?" काकांनी विचारलं.

"बाहेर!" आवाज एवढा मोठा आला की खोलीत सगळ्यांनी ऐकला. दवाखान्यातल्या रांगेनेही ऐकला असणार.

"बॅटरी?"

"हो बाबा. मीच."

"दोन्ही?"

"दोन्ही बाहेर. खरंच काढलेत, बाबा, आत्ताच. पेशंट अजून आ वासून बसलाय."

"बघून सांग."

 "बघितले, बाबा. दोन्ही बाहेर आहेत."

काकांनी मोबाइल काकूंच्या हातात दिला, फ्यूज जागी बसवला आणि मेनस्विच वर केला. पंखा फिरला, फ्रिज घरघरला. काका परत खिडकीशी जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने काकूंना म्हणाले, "बाई, ऊन फार आहे. उतरल्यावर जा." दुरुस्तीवाल्या बाई कपाळावरचा दिवा सोडायच्या निमित्ताने बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या.

त्या रात्री फेरी पुरी झाली. टेबलामागे प्लग उपसल्याचा आवाज काकूंनी अंथरुणातून ऐकला आणि त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी त्यांनी प्लग बसवला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पंखा हलला, दिवा लुकलुकला, आणि लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. कॉम्प्युटर सुरू झाला. लेक समोर आली. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. बघत राहिले. नाव येईना. जिभेपाशी येऊन अडलंय असंही वाटेना, नुसतं नव्हतं. काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मागच्या वेळी निदान पट्टीला दोष देता आला होता. ज्या सकाळची त्यांना इतके दिवस धास्ती होती, ती ही होती.

 लेकीने दोन्ही हात वर केले आणि तळवे पडद्यासमोर धरले.

काकांनी एक तळवा पाहिला, मग दुसरा. पुढे वाकून बोटं नीट निरखली. त्यांचे खांदे सैल झाले. ते काकूंकडे वळले आणि त्यांच्या खुर्चीवरच्या हातावर आपला हात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "पोरीचे हात बाहेर आहेत. आता भिऊ नका."

"नाही भीत," काकू म्हणाल्या.